अख्खा वाचला

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्यावर पगार घ्यायचा, असा हा धंदा. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात खिडकीजवळचं टेबल माझं. तिथून निसटलेली वेलांटी थेट मुलांच्या वहीत जाऊन बसते, त्यामुळे एकही अक्षर मी न वाचता सोडत नाही. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरही मी पूर्ण वाचतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट माझ्या बायकोची आहे, ती न वाचायला शिकली त्याची आहे, आणि त्या सगळ्या प्रकरणात मी पहिल्यापासून विरोधी पक्षात होतो. थोडासा अजूनही आहे.

ही डॉक्टर. लग्न झालं तेव्हाही डॉक्टरच होती. मग मुलगी झाली, मग माझ्या वडिलांचं आजारपण, मग आईचे गुडघे. एकातून मान सोडवावी तर दुसरं दत्त म्हणून उभं. वर्षं कशी निघून गेली ते कळलंच नाही, असं लोक म्हणतात. हिला चांगलं कळत होतं. कपाटातला स्टेथोस्कोप ती अधूनमधून काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. मी कधी विचारलं तर म्हणायची, "रबर चिकटतं हो."

मुलगी शिकायला परगावी गेली आणि त्याच महिन्यात हिने मोठ्या रुग्णालयात अर्ज केला. घेतलं त्यांनी, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पाहू, मग ठरवू. ज्या वॉर्डात ती रुजू झाली तिथली बाकीची डॉक्टरमंडळी आमच्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असतील. त्यांनी पहिल्याच आठवड्यात हिचं नाव 'काकू' ठेवलं. प्रेमाने ठेवलं असेल, पण डॉक्टरला काकू म्हटलं की तिने तपासावं असं कोणाला वाटत नाही, चहा विचारावा असं वाटतं.

विभागप्रमुख मात्र कोणालाच काही म्हणायचे नाहीत. उंच, सुकलेला माणूस, बोलणं तोलून-मापून. दर बुधवारी दुपारी ते सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवायचे आणि एकाने एक नवा शोधनिबंध वाचून बाकीच्यांना दहा मिनिटांत सांगायचा, अशी त्यांची रीत होती. त्याला सगळे नुसतं 'पेपर' म्हणत. हिच्या वाट्याला दुसराच बुधवार आला.

तयारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. पंधरा-सोळा पानांचा तो पेपर हिने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत तीनदा वाचला. हातात पिवळ्या शाईचा पेन. महत्त्वाचं दिसलं की फिरव पिवळा. रविवारपर्यंत अशी अवस्था झाली की न रंगवलेली वाक्यंच तेवढी उठून दिसत होती. मी खूश होतो. वाचावं तर असं! आई मात्र दोन दिवस बघत होती. शेवटी तिने विचारलं, "अगं, रोज तोच पेपर वाचतेस. एवढं काय आलंय त्यात? कोणी गेलं का?"

बुधवारी ही उभी राहिली आणि त्या रोगाच्या इतिहासापासून सुरू केलं. तो कोणी ओळखला, मग काय समज होते, मग ते कसे बदलले. दहा मिनिटं संपली तेव्हा औषध अजून कोणाच्या तोंडातही गेलं नव्हतं. विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा रुग्ण अजून दारातच उभा आहे." खोलीत हशा पिकला. बैठक संपल्यावर त्यांनी हिला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, म्हणूनच जास्त लागलं असणार. "इथे वाचन हा छंद नाही, काम आहे. रोज ढीगभर पेपर निघतात आणि रुग्ण आज उत्तर मागतो. तीन महिन्यांत जमलं तर बघा. नाहीतर उगाच तुमचाही वेळ नको आणि आमचाही."

घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. मी पाणी दिलं. आपण माणसं अशा वेळी जे मूर्खासारखं बोलतो ते मीही बोललो, "जाऊ दे गं, नाही तर नाही. आपलं काही अडलंय का?"

"तुमचं नाही अडलं," ती म्हणाली. "माझं अडलंय. मला परत त्या कपाटात जायचं नाही."

स्टेथोस्कोप म्हणायचं होतं की स्वतःबद्दल बोलत होती, हे मी विचारलं नाही. इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाला आपण पूर्ण वाचलेलं नाही, हे तेव्हा मला कळलं.

तोड काढली ती आईने. तिला पेपर म्हणजे काय, हे तोवर समजलं होतं आणि तिला त्याची भीड अजिबात नव्हती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "शितावरून भाताची परीक्षा करतात, बाई. तू अख्खं पातेलं उपसत बसतेस."

हिने ते मनावर घेतलं, पण अर्धवट. पुढच्या पेपरच्या वेळी पहिल्या पानावरचा सारांश तेवढा वाचला. काय सोपं! वीस ओळींत सगळं, वर निष्कर्षही तयार. बुधवारी तीन मिनिटांत खडाखडा सांगून मोकळी. विभागप्रमुखांनी एकच विचारलं, "औषध मध्येच सोडून किती जण गेले?" हिला कुठलं माहीत? आत, चौथ्या पानावरच्या तक्त्यात होतं ते. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी औषध सोडून दिलं होतं, आणि जे टिकले त्यांच्या जिवावर सारांशात ढोल वाजत होते. म्हणजे आधी आगीत होती, आता फुफाट्यात पडली.

त्या दिवशी ती रडली नाही, चिडली. मला ते बरं वाटलं. तरातरा आईसमोर जाऊन उभी राहिली, "तुमच्या शिताने घात केला."

"कुठलं शीत घेतलंस?"

"वरचं. पहिल्या पानावरचं."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. "वरचं शीत कोणी घेतं का? पळी आत घालायची. मधलं काढायचं आणि बोटाने दाबायचं. वरचं काय, ते दिसायलाच असतं."

आईने आयुष्यात एकही शोधनिबंध वाचलेला नाही. तिने भाताबद्दल सांगितलं, पेपरबद्दल नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या नात्यात आता तिला थोर विदुषी करून टाकलं आहे आणि तीही नाही म्हणत नाही. डोकं चालवलं ते हिने. तिने पेपर मधूनच उघडायला सुरुवात केली. आधी एका कोऱ्या कागदावर आपल्याला काय हवंय ते एका वाक्यात लिहायचं. ते लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. मग थेट पद्धत आणि तक्ते: औषध कोणाला दिलं, ती माणसं आपल्या वॉर्डातल्या माणसांसारखी आहेत का, कशाशी ताडून पाहिलं, शेवटपर्यंत किती टिकले. इथेच बोटाला खडा लागला तर पेपर बाजूला. सारांश सगळ्यात शेवटी, आणि तोही लेखक आपल्याच आकड्यांशी प्रामाणिक आहे का ते बघायला. चर्चेची लांबलचक पानं ती बहुतेक वेळा उघडायचीच नाही.

इथे माझा तिळपापड झाला. "त्या बिचाऱ्याने पाच पानं चर्चा लिहिली, ती काय रद्दीत घालायला?"

"तिथे लोक आपलीच पाठ थोपटून घेतात हो. गरज पडली तर बघते की."

"पण लिहिलेलं न वाचणं म्हणजे…"

"तुमच्या पुस्तकांच्या प्रस्तावना कोण वाचतं?"

"मी वाचतो!"

"तुम्हाला पगार मिळतो."

मी साबणाचं वेष्टन वाचायला घेतलं.

रोज संध्याकाळी जेवणाआधी सराव. ही एक नवा पेपर घ्यायची, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचायची आणि मग तीन वाक्यांत मला आणि आईला सांगायची. कोणाला काय दिलं, काय झालं, आणि आपण विश्वास किती ठेवायचा. आईला कळलं तर पास. मला कळलं की नाही, हे धरत नसत, कारण मी मध्येच शुद्धलेखन विचारायचो. सुरुवातीला ती अडखळायची, चौथं वाक्य घुसडायची, आई पळी आपटायची. हळूहळू वाक्यं आखूड झाली. मग एक दिवस ती वाचता वाचता मोठ्याने हसली. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. याने बारीक अक्षरात लिहिलंय की सत्तरीच्या वरचं कोणी घेतलंच नाही, आणि खाली म्हणतो, म्हाताऱ्यांना द्या!" लबाडी सापडल्यावर मी छापखान्यात असाच हसतो. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, ही आपल्यातलीच आहे.

बुधवार सुधारले. विभागप्रमुख मान हलवायला लागले, पण तोंडाने काही नाही. तीन महिने सरत आले तरी ठेवणार की पाठवणार, याचा पत्ता लागू देईनात. ही रोज सकाळी डबा भरताना म्हणायची, "आज सांगतील." आणि रोज संध्याकाळी रिकामा डबा घासायला टाकून नवा पेपर उघडायची.

अशाच एका सकाळी वॉर्डात एक रंगारी आला. हे सगळं मी तिच्याकडून ऐकलेलं आहे, पण इतक्या वेळा ऐकलंय की मी तिथेच उभा होतो असं मला वाटतं. कापडाला रंग देणाऱ्या कारखान्यातला कामगार, पस्तिशीचा. पिंपातला कसलासा द्रव अंगावर सांडला होता. त्याचे ओठ पाटीसारखे निळे-करडे पडले होते. नाकाला पूर्ण ऑक्सिजन लावला तरी बोटावरच्या यंत्रातला आकडा वर सरकेना. रक्त काढलं तर लाल नाही, चॉकलेटी. रसायन भिनून रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचंच विसरलं होतं. रोग सगळ्यांनी लगेच ओळखला आणि त्याचा उताराही सगळ्यांना ठाऊक होता. गंमत म्हणजे तो उताराही निळ्या रंगाचाच असतो. कपाटातून ते निळं औषध काढलं, सिरिंजमध्ये भरलं.

ही तेवढ्या वेळात त्याच्या थोरल्या बहिणीशी बोलत होती. कोणाकडून काय विचारून घ्यायचं, यात घर सांभाळलेल्या बाईचा हात कोणी धरू नये. लहानपणी काही झालं होतं का? कुठलं औषध बाधलं होतं?

"हिवतापाच्या गोळ्या दिल्या होत्या डॉक्टरांनी," बहीण म्हणाली. "तर हा पिवळाधमक पडला. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. आमच्या मामालाही तसंच झालं होतं."

"थांबा!" ही ओरडली. सिरिंज धरलेला हात थांबला.

काही माणसांच्या रक्तात लाल पेशींना सांभाळणारं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. आईकडून मुलाकडे येतं हे. अशा माणसाला ते निळं औषध दिलं तर उतारा पडत नाहीच, वर पेशी फुटायला लागतात. चाचणी केली, पण तिचा निकाल यायला दुसरा दिवस उजाडणार होता. तो हिच्याच बाजूने आला, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच ताणून धरायला मी काही मालिका लिहीत नाही.

विभागप्रमुखांनी बहिणीला स्वतः दोन प्रश्न विचारले आणि सिरिंज खाली ठेवायला लावली. मग हिच्याकडे वळले. "शंका रास्त आहे. पण हे नको, तर काय? रक्त बदलायची तयारी करतो, त्याला वेळ लागेल. तोवर हा तग धरेल असं वाटत नाही. वर ग्रंथालयात जा. तासाभरात मला उत्तर हवं."

ग्रंथालय म्हणजे वरच्या मजल्यावरची एक अरुंद खोली, दोन संगणक आणि कागद अडकवणारा एक प्रिंटर. हिने शोध घातला आणि पडद्यावर ढीग लागला. सगळ्यात वर एक भलामोठा, नावाजलेला पेपर. त्याच्या सारांशात ठसठशीत लिहिलेलं: निळं औषध सुरक्षित. ती सांगते, वाटलं आपणच चुकलो, आणि जुन्या सवयीने पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. दोन ओळी गेल्या आणि तिने स्वतःला आवरलं. कोरा कागद ओढला आणि लिहिलं: 'हे द्रव्य कमी असलेल्या मोठ्या माणसाला निळ्या औषधाऐवजी काय, आणि त्यातून धोका काय?' मग त्या नावाजलेल्या पेपरचा तक्ता उघडला. द्रव्य कमी असलेली माणसं त्यांनी सुरुवातीलाच वगळली होती. म्हणजे औषध सुरक्षित होतं, पण दुसऱ्यांना. तो पेपर बंद.

मग तिने खरोखर ढीग उपसला, पण पळी आत घालून. उंदरांवरचे बाजूला. नळीतल्या रक्तावरचे बाजूला. तान्ह्या मुलांचे बाजूला. उरले ते चार-पाच, कुठल्या कुठल्या दूरच्या डॉक्टरांनी लिहिलेले, दीड-दीड पानाचे, एकेका रुग्णाची हकीकत सांगणारे. त्यातला एक तर थेट रंगकामगाराचा. त्याला शिरेतून क जीवनसत्त्व दिलं होतं, भरपूर, पुन्हा पुन्हा, आणि काही तासांनी रक्त ताळ्यावर आलं होतं. दुसऱ्या हकीकतीतही तेच. तिसरी मात्र उलट निघाली, त्यात रुग्णाला उतार पडला नव्हता. ती हिने अक्षर न् अक्षर वाचली. विरुद्ध साक्ष देणाऱ्याचं पूर्ण ऐकायचं, हे मात्र ती माझ्याकडून शिकली असं मी म्हणतो आणि ती हो म्हणत नाही. त्या रुग्णाची मूत्रपिंडं आधीच निकामी झाली होती.

तास संपायच्या आत ती खाली उतरली आणि वॉर्डाच्या दारातच उभ्याउभ्या सांगितलं. "क जीवनसत्त्व, शिरेतून, मोठ्या मात्रेत, मात्रा या कागदावर लिहिली आहे. उतार सावकाश पडतो, आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, पण याच्या मूत्रपिंडांच्या तपासण्या ठीक आहेत. नाहीच लागू पडलं तर रक्त बदलायचं, म्हणून ती तयारी थांबवू नका."

तीन वाक्यं. चौथं नाही.

"खात्री किती?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"फार नाही. ही शेकडो लोकांची चाचणी नाही, चार-पाच माणसांच्या हकीकती आहेत. पण ती माणसं आपल्या माणसासारखी आहेत, आणि मोठ्या पेपरमधली नाहीत."

विभागप्रमुखांनी कागद हातात घेतला, मात्रा दोनदा तपासली आणि परिचारिकेला म्हणाले, "लावा." सलाईन सुरू झालं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ही त्याच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि बोटावरच्या यंत्राकडे बघत राहिली.

इकडे मला यातलं काही माहीत नव्हतं. मी छापखान्यात भूगोलाच्या पुस्तकाचं दुसरं प्रूफ तपासत होतो. एका नदीचं नाव लेखकाने दोन पानांवर दोन तऱ्हेने लिहिलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. संध्याकाळच्या सुमारास फोन वाजला.

"अहो, वाचला!"

सकाळी तिने बुधवारसाठी एक लांबलचक पेपर पिशवीत कोंबलेला मी पाहिला होता. बरं वाटलं मला. म्हटलं, आली शेवटी वळणावर.

"अख्खा?" मी विचारलं.

पलीकडे ती जी हसायला लागली, ती थांबेचना. मी फोन कानापासून दूर धरला. शेजारच्या टेबलावर पानं जुळवणारा जुळारी माझ्याकडे बघायला लागला.

"अख्खा," ती म्हणाली. "टाळूपासून टाचेपर्यंत अख्खा! अहो, पेपर नाही, माणूस वाचला, माणूस!"

मग तिने सगळं सांगितलं. आकडा दुपारनंतर कसा हलला, आधी इतका थोडा की तिला भास वाटला. मग ओठांवर रंग कसा परतला. बदलायला आणलेलं रक्त तसंच कसं राहिलं. आणि त्या रंगाऱ्याने डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर, "माझा डबा कुठाय?" बहीण रडत होती आणि त्याला शिव्या देत होती. माझेही डोळे भरले, हे मी लपवणार नाही. समोरची नदी मला दोन्ही पानांवर दिसेनाशी झाली.

"आणि विभागप्रमुख?" मी विचारलं. "ते काही बोलले का?"

"बोलले. मी आपणहूनच विचारलं, सर, तीन महिने संपत आले, माझं काय ठरलं? तर म्हणाले, बाई, ते मी कधीच ठरवलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. उद्यापासून पुरुषांचा वॉर्ड तुमचा." तिने मोठा श्वास घेतला. "म्हणजे मीही वाचले."

मी भूगोलाचं पान तसंच अर्धवट टाकलं, टेबलाचा दिवा मालवला आणि तिला घ्यायला रुग्णालयाच्या दारात जाऊन उभा राहिलो.